नोटीस दारावर, माणसं आतच: धोकादायक आणि अनारोग्यकारक इमारतींचं पालिका नक्की करते काय?

सज्जा (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या घराला लागून एक जुनी तीन मजली इमारत आहे. दोघांची एक भिंत सामाईक. तिच्या जिन्याखाली सांडपाण्याचा पाइप गळतोय, तो निदान चार वर्षं. दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्याचा कोपरा मागच्या वर्षी खाली आला, नशिबाने मध्यरात्री. मी पालिकेत तक्रार केली. दोन माणसं आली, फोटो काढून गेली, आणि आठवड्याने दारावर नोटीस चिकटली: इमारत धोकादायक आहे, वापर तात्काळ बंद करावा.

त्याला आता सात महिने झाले. नोटिशीवरची शाई उडाली. खालच्या कोपऱ्यात कुणीतरी विजेच्या मीटरचा आकडा लिहून ठेवलाय. आत पाच कुटुंबं राहतात आणि पोरं त्याच सज्ज्याखाली खेळतात.

माझा प्रश्न साधा आहे. अशी इमारत रिकामी करून घ्यायचा, दुरुस्त करायचा किंवा पाडायचा अधिकार पालिकेला असतो की नसतो? असेल तर वापरत का नाहीत? नसेल तर ही नोटीस कशासाठी?

एक विनंती. आपापल्या गावाचं आणि पक्षाचं नाव घेऊ नका. खड्ड्यांच्या धाग्याचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. बाहेरच्या देशांतले कायदे, जाहीर झालेल्या घटना जरूर सांगा.

टाचणी

नोटीस कशासाठी? उद्या इमारत पडली की दाखवायला.

रिकामी_खोली

वाचतेय. आमच्याही समोर अशीच एक आहे.

फाइलबंद

टाचणी, तुम्ही एका ओळीत माझी सगळी नोकरी सांगितलीत. :)

मी अशाच एका खात्यात एकोणतीस वर्षं काढली. कुठल्या पालिकेत ते राहू द्या. अधिकार असतो का, तर असतो, बहुतेक सगळीकडे असतो. कलमांचे आकडे बदलतात, चाल तीच. तक्रार आली की पाहणी, मग अभियंत्याचा अहवाल, मग मालकाला मुदतीची नोटीस. मुदत उलटली की पालिकेने स्वतः काम करायचं आणि खर्च मालकाकडून वसूल करायचा. आणि आज-उद्याच जीव जाईल अशी स्थिती असेल तर नोटिशीच्या मुदतीची वाट न बघता टेकू लावायचे, कुंपण घालायचं, माणसं बाहेर काढायची.

अडतं कुठे ते सांगतो. पाहणीला गेलो की लोक “साहेब, पडेल का?” असं क्वचितच विचारायचे. “साहेब, जायचं कुठे?” हे मात्र प्रत्येक दारात. त्याचं उत्तर माझ्या खात्याकडे नव्हतंच. ते दुसऱ्या खात्याकडे होतं, आणि त्या खात्याकडे खोल्या नव्हत्या. मग मी काय करणार? लिहायचो: “रहिवाशांना तोंडी समज दिली.” हे वाक्य मी किती फायलींत लिहिलं असेल, देव जाणे.

पैशाचंही तसंच. काम पालिकेने करायचं तर खर्च आधी तिने घालायचा. वसुली म्हणजे मिळकतीवर बोजा चढवणं, आणि तो सुटतो मिळकत विकली जाईल तेव्हा. लेखा विभागातले गृहस्थ विचारायचे, “यंदाच्या अंदाजपत्रकात हे पैसे परत आलेले कुठे दाखवू?” त्यांचंही चूक नव्हतं.

तरी एक सांगतो. नोटीस निरुपयोगी नाही. ती पहिली पायरी आहे, तिच्याशिवाय पुढची एकही चढता येत नाही. आम्ही बहुतेक वेळा त्या पायरीवरच बसकण मारतो, ही खरी गोष्ट.

ओळंबा

सज्जाभाऊ, कायदा राहू द्या जरा बाजूला. मला आधी भेगा सांगा. कुठे आहेत, किती रुंद आहेत, आडव्या की तिरक्या? सामाईक भिंतीत तुमच्या बाजूने काही दिसतं का?

सज्जा

माझ्या बाजूला खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली एक आहे. नाणं उभं घातलं तर आत जातं. पूर्वी जात नव्हतं.

ओळंबा

मग नीट ऐका. न बघता निदान करणारा इंजिनिअर आणि न बघता औषध देणारा वैद्य सारखेच, त्यामुळे हे निदान समजू नका.

गिलाव्यातल्या केसासारख्या भेगांनी सहसा काही होत नाही. ब्रिटनमध्ये बांधकाम संशोधन संस्थेची एक जुनी प्रतवारी आहे, अजूनही वापरतात: ०.१ मिलिमीटरपर्यंत नगण्य, १ मिलिमीटरपर्यंत अगदी किरकोळ, ५ पर्यंत किरकोळ, ५ ते १५ मध्यम, १५ ते २५ गंभीर आणि २५ च्या वर फारच गंभीर. पण रुंदीपेक्षा मला वाढ जास्त महत्त्वाची वाटते. दहा मिलिमीटरची भेग वीस वर्षं तशीच असेल तर मी झोपेन. दोन मिलिमीटरची भेग महिन्यात तीनची झाली तर नाही झोपणार.

म्हणून भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा आणि तिच्याशेजारी भिंतीवर तारीख लिहा. भेग हलली की काच तडकते. जुनीच युक्ती आहे. आता मोजपट्टी छापलेली प्लास्टिकची मिळतात, त्यांच्यावर किती हललं तेही वाचता येतं. दर पंधरवड्याला त्याच जागेवरून फोटो काढा.

आणि तो पाइप! तुम्ही सज्ज्याचं मनावर घेतलंय, मी पाइपचं घेतो. चार वर्षं पाणी पायाजवळ मुरतंय म्हणजे खालची माती वाहून जात असेल, नाहीतर मऊ पडत असेल. भेग तिरकी आहे म्हणजे एक बाजू खचत असण्याची शक्यता आहे. सज्ज्याचं कारण बहुधा निराळं असेल: काँक्रीटमध्ये ओल गेली की आतले गज गंजतात, आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो. तो आतून काँक्रीट फोडतो. वरून पोपडे निघाले की लोक रंग मारतात.

टाचणी

आमच्याकडे नोटिशीलाच रंग मारला होता. संपूर्ण दरवाजा निळा, नोटिशीसकट.

शुद्धमती

विषयांतराबद्दल माफी, पण शीर्षकातलं ‘अनारोग्यकारक’ वाचतानाच धाप लागते. साधं ‘अस्वच्छ’ का नाही?

जंतुनाश

कारण तो शब्द चुकीच्या माणसावर बोट ठेवतो, शुद्धमतीताई.

मी आरोग्य खात्याकडून अशा घरांत जायचे. ‘अस्वच्छ’ म्हटलं की राहणारी बाई केर काढत नाही असं वाटतं. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत फरशी माझ्या घरापेक्षा चकचकीत असायची. भिंत मात्र छतापर्यंत काळी, कारण बाहेरचं पाणी आत झिरपतंय. सात खोल्यांना एक संडास आणि त्याचा मैला मागच्या उघड्या गटारात. पिण्याच्या पाण्याची नळी त्याच गटारातून गेलेली. यात झाडू काय करणार? तो दोष इमारतीचा. शब्द जड आहे, पण बरोबर आहे.

आणि या धाग्यात सगळे पडण्याबद्दलच बोलताहेत, तेही मला नवीन नाही. पडलेल्या इमारतीचा फोटो येतो. बुरशीमुळे सहा महिने खोकणाऱ्या मुलाचा येत नाही. आमच्या बैठकीत धोकादायक इमारतींची यादी पहिल्या क्रमांकावर असायची आणि आमची ‘वेळ उरल्यास’.

धुकं

जंतुनाश यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी इंग्लंडमध्ये असते. रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. घर भाड्याने देणाऱ्या एका गृहनिर्माण संस्थेचं, आईवडिलांच्या तक्रारी २०१७ पासूनच्या. २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत कारण स्पष्ट झालं आणि त्याच्या नावाने कायदा आला. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक भाड्याच्या (म्हणजे पालिका किंवा अशा संस्थांच्या) घरांना तो लागू आहे: तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल, ओल-बुरशीचा मोठा धोका असेल तर कामाच्या १० दिवसांत तपासणी.

इथल्या पालिकांकडे २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली धोक्यांची २९ कलमी यादी आहे. तिच्यात ओल, थंडी, जिन्यावरून पडणं, गर्दी, आग, इमारत कोसळणं, सगळं एकाच तराजूत मोजतात. पहिल्या वर्गाचा, म्हणजे गंभीर, धोका निघाला की पालिकेला कारवाई करावीच लागते. दुसऱ्या वर्गात करता येते. हा ‘च’ फार महत्त्वाचा आहे. आमच्या इथले लोक तक्रार करताना मुद्दाम विचारतात, “पहिला वर्ग की दुसरा, ते लेखी द्या.”

फाइलबंद

तो ‘च’ आमच्या कायद्यात असता तर माझे केस इतक्या लवकर गेले नसते.

घरमालक३

आता माझं ऐका. इथे मालक म्हटलं की खलनायक असं धरूनच चाललंय.

माझ्याकडे वडिलोपार्जित अशी एक इमारत आहे. भाडं किती ते सांगत नाही, हसाल. त्या भाड्यात वर्षाला एक जिना रंगवून होत नाही. मी दुरुस्ती काढली तर तळमजल्यावरचे म्हणतात, आमच्या डोक्यावर टेकू नको. वरचे म्हणतात, आधी लेखी द्या की परत याच खोलीत आणाल. दिलं लेखी. म्हणतात, वकिलाकडून द्या. तेही दिलं. तरी एक बिऱ्हाड हललं नाही, आणि एका बिऱ्हाडासाठी अख्खं काम चौदा महिने अडलं. नोटीस मात्र माझ्या नावाने आली. दंडाची तारीखही माझ्याच नावाने.

भाडेकरू_कायमची

घरमालक३, तुमचं खरं असेल. माझंही ऐका मग.

आमच्या मालकाने अकरा वर्षं एक वीट बसवली नाही. गच्चीवरचं पाणी जायची भोकं बुजली, आम्ही सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. मग अचानक एक दिवस त्याला आमच्या जिवाची काळजी वाटू लागली. स्वतःच अभियंता आणला, अहवाल घेतला: इमारत अतिधोकादायक, तात्काळ पाडावी. आम्ही वर्गणी काढून दुसरा अभियंता आणला. त्याने लिहिलं: दुरुस्तीने पंधरा वर्षं जाईल. तीच इमारत, तोच महिना!

दुरुस्ती न करणं हीसुद्धा घर रिकामं करून घ्यायची एक पद्धत आहे. पालिका नोटीस काढते आणि नकळत त्याचंच काम करते. म्हणून लोक नोटीस बघून हलत नाहीत. त्यांना इमारतीपेक्षा नोटिशीचीच भीती जास्त वाटते. बाहेर गेलो की आपला हक्क गेला, हे इतकं डोक्यात बसलेलं असतं.

ओळंबा

दोन अहवालांबद्दल आमच्या व्यवसायाच्या वतीने मान खाली घालतो. फी कोण देतं यावर निष्कर्ष हलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण उपाय आहे. कुठल्याही अहवालात निष्कर्ष सोडून मागची पानं बघा. हातोडीची चाचणी किती ठिकाणी घेतली? ध्वनिलहरींची घेतली का? गाभ्याचे नमुने काढून प्रयोगशाळेत दाबून पाहिले का? गज उघडे करून गंज मोजला का? नुसते फोटो आणि ‘दृश्य पाहणीवरून असे दिसते की’ एवढंच असेल, तर तो अहवाल नव्हे. ते मत झालं. पालिकेने दोन्ही बाजूंचे अहवाल तिसऱ्या तटस्थ समितीपुढे ठेवावेत, आणि समितीची फी दोघांपैकी कुणीही थेट देऊ नये. तसं झालं की निष्कर्ष आपोआप जवळ येतात, गंमत म्हणजे.

दक्षिणवारा

मी न्यूझीलंडमध्ये असतो, पालिकेशी संबंधित कामात. धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला इथलं उत्तर देतो.

इथे २००४ च्या इमारत कायद्यात ‘धोकादायक’ आणि ‘अनारोग्यकारक’ अशा दोन वेगळ्या व्याख्याच आहेत. रोजच्या वापरात (भूकंप सोडून, त्याचं प्रकरण निराळं) इजा, मृत्यू किंवा शेजारच्या मालमत्तेचं नुकसान व्हायची शक्यता असेल, किंवा आग लागली तर माणसं दगावतील अशी रचना असेल, तर धोकादायक. जागेमुळे, बांधणीमुळे किंवा मोडकळीमुळे आरोग्याला अपाय, ओल रोखायची सोय नाही, पिण्यालायक पाणी नाही, पुरेशी स्वच्छतागृहं नाहीत, यांतलं काहीही असेल तर अनारोग्यकारक. जंतुनाशताईंनी सांगितलेली सगळी घरं यात बसतील.

पालिका कुंपण घालू शकते, इशारा लावू शकते, प्रवेश बंद करू शकते, लेखी नोटीस देऊन काम करायला लावू शकते. कामाला किमान १० दिवसांची मुदत द्यावी लागते. मालकाने नाही केलं तर जिल्हा न्यायालयाची परवानगी घेऊन पालिका करते आणि खर्च मालकावर. तातडीचा धोका असेल तर मुख्याधिकाऱ्याच्या सहीवर आधी काम, न्यायालय नंतर.

मला यात सगळ्यांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक पालिकेला याबाबतचं धोरण लेखी करावं लागतं, त्यावर नागरिकांचं म्हणणं मागवावं लागतं आणि दर पाच वर्षांनी ते पुन्हा तपासावं लागतं. तक्रार आल्यावर काय करणार, कुठल्या क्रमाने करणार, वारसा इमारतींचं काय, हे आधीच छापलेलं असतं. २०१३ च्या दुरुस्तीनंतर ‘बाधित’ इमारतींचाही त्यात विचार करावा लागतो, म्हणजे धोकादायक इमारतीच्या शेजारची किंवा जवळची इमारत. सज्जा, म्हणजे तुम्ही!

सज्जा

मला कायद्यात नाव आहे हे वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू. इथे मला पालिकेत “तुम्ही कोण? मालक की भाडेकरू?” विचारलं. शेजारी म्हटलं तर खिडकी बंद.

कलमबाई

धुकं यांच्या देशातला एक बारकावा सांगते, कारण अधिकारी ‘तातडीचे अधिकार’ वापरायला का कचरतात ते त्यातून कळतं. इंग्लंडच्या १९८४ च्या इमारत कायद्यात ७७ वं कलम म्हणजे रीतसर न्यायालयात जाऊन आदेश घेणं, आणि ७८ वं म्हणजे तातडीने स्वतःच काम करणं. पण ७८ खाली केलेल्या खर्चाची वसुली न्यायालयात गेली की न्यायाधीश विचारतात: ७७ खाली जाता आलं असतं का? आलं असतं, असं ठरलं तर खर्च मालकाकडून मिळत नाही. अधिकाऱ्याला ते टेकू लावतानाच माहीत असतं. मग कुठल्या बाजूला झुकेल तो?

आता फाइलबंदकाकांच्या “जायचं कुठे” वर. या प्रश्नावर मला माहीत असलेला सगळ्यांत चांगला निकाल दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाचा आहे, २००८ चा, जोहान्सबर्गच्या ऑलिव्हिया रोडवरच्या रहिवाशांचा. नगरपालिकेने असुरक्षित आणि अनारोग्यकारक म्हणून इमारती रिकाम्या करायला काढल्या. न्यायालय म्हणालं, माणसं बेघर होणार असतील तर आधी त्यांच्याशी अर्थपूर्ण चर्चा करा आणि ती केल्याचं दाखवा. शिवाय नोटिशीनंतर घर न सोडणं हाच गुन्हा ठरवणारी तरतूद न्यायालयाच्या आदेशाशिवाय चालणार नाही. २०११ च्या दुसऱ्या निकालात त्याच शहराला बेघर होणाऱ्यांची तात्पुरती सोय करायला सांगितलं.

म्हणजे “धोकादायक आहे, निघा” एवढ्यावर पालिकेचं काम संपत नाही.

घरमालक३

आणि त्या जोहान्सबर्गमध्ये २०२३ मध्ये काय झालं तेही लिहा की. चर्चा करत बसले आणि इमारत जळली.

कलमबाई

लिहिते. ३१ ऑगस्ट २०२३, उसिंदिसो इमारत, सत्तरहून जास्त माणसं गेली. फक्त ती इमारत खाजगी मालकाची नव्हती, घरमालकसाहेब. शहराच्या मालकीची होती.

टाचणी

म्हणजे नोटीस काढायची त्याचीच इमारत. स्वतःच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवायची आणि स्वतःच शेरा मारायचा: “घर बंद, इसम आढळला नाही.”

उंबरठा

टाचणी, हसू आलं आणि लगेच गेलं. फ्रान्समधल्या मार्सेयचं आठवलं. ५ नोव्हेंबर २०१८ ला तिथल्या रू द'ओबान्य रस्त्यावर दोन लगतच्या इमारती कोसळल्या, आठ जण गेले. त्यांतली एक रिकामी आणि बंद केलेली होती, ती सार्वजनिक गृहनिर्माण कंपनीच्या मालकीची. दुसरीत माणसं राहत होती. अडीच आठवडे आधी दुसऱ्या इमारतीची पाहणी झाली होती, लोकांना बाहेर काढलं होतं आणि त्याच दिवशी बहुतेकांना परत आत पाठवलं होतं.

त्यानंतर शहराने घाबरून सपाट्याने इमारती रिकाम्या करायला घेतल्या. हजारो लोक हॉटेलांत आणि नातेवाइकांकडे. काल नोटीस निघत नव्हती आणि आज श्वास घ्यायला वेळ न देता निघते. ही दोन टोकं मला सारखीच भीतीदायक वाटतात. मधलं काही का नसतं?

दक्षिणवारा

‘परत आत पाठवलं’ वरून. २०१० च्या सप्टेंबरमधल्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चमध्ये इमारती भरभर तपासून रंगीत पट्ट्या लावल्या गेल्या. सीटीव्ही इमारतीला हिरवी मिळाली होती. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात ती कोसळली, एकट्या त्या इमारतीत ११५ माणसं गेली.

हिरव्याचा अर्थ होता ‘वरवरच्या पाहणीत काही आढळलं नाही, वापरायला हरकत नाही’. लोकांनी वाचला ‘सुरक्षित’. आता इथे हिरवी पट्टी नाहीच. पांढरी असते. लाल आणि पिवळी तशाच ठेवल्या.

शुद्धमती

शब्दाला नावं ठेवली म्हणून हसलात ना मला. रंगानेसुद्धा माणसं फसतात बघा.

जंतुनाश

शुद्धमतीताई, हे मात्र मान्य! आमच्या अहवालात ‘समाधानकारक’ असा शब्द होता. त्याचा आमच्या लेखी अर्थ ‘आज काही करण्यासारखं नाही’.

ओळंबा

उंबरठा, ‘मधलं काही’ आहे. ठरावीक वयानंतर सक्तीची तपासणी, तक्रार असो वा नसो. सिंगापूरमध्ये १९८६ ला हॉटेल न्यू वर्ल्ड कोसळलं, ३३ जण गेले. त्यानंतर ठरावीक काळाने तपासणीची पद्धत आली: राहत्या इमारती दर १० वर्षांनी, बाकीच्या दर ५. हाँगकाँगमध्ये २०१० मध्ये मा ताऊ वाई रोडवरची जुनी इमारत पडली, त्यानंतर २०१२ पासून ३० वर्षांवरच्या इमारतींची सक्तीची तपासणी.

दोन्ही ठिकाणी आधी इमारत पडली, मग नियम. हा क्रम बदललेला मी अजून पाहिला नाही.

तपासणी झाली म्हणजे सुटलो असंही नाही. फ्लोरिडाच्या सर्फसाइडमध्ये २४ जून २०२१ ला चॅम्पलेन टॉवर्स साउथ अर्धी कोसळली, ९८ जण गेले. २०१८ मध्येच अभियंत्याच्या अहवालात तरणतलावाजवळच्या स्लॅबचं जलरोधन निकामी झाल्याचं आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झाल्याचं लिहिलेलं होतं. अहवाल होता, रहिवासी सुशिक्षित, मालक स्वतःच. वाद कशावर? वर्गणीवर. दुरुस्ती तीन वर्षं पुढे ढकलली गेली.

भाडेकरू_कायमची

म्हणजे मालक-भाडेकरू भांडण नसलं तरी माणसं घर सोडत नाहीत आणि पैसे काढत नाहीत. हे वाचून घरमालक३ यांच्यावरचा राग थोडा कमी झाला. थोडाच.

घरमालक३

थोडाही चालेल. तुमच्या गच्चीवरची भोकं मी असतो तर साफ केली असती.

फाइलबंद

चला, धाग्यावर एक तडजोड झाली, जी मला एकोणतीस वर्षांत कुठल्या सुनावणीत जमली नाही.

सज्जा, तुमच्यासाठी कामाचं लिहितो. ‘इमारत पाडा’ अशी तक्रार करू नका. ती फाइल सगळ्यांत जड, कुणी उचलत नाही. पाइपची तक्रार वेगळी द्या, आरोग्य खात्याकडे. उघड्या सांडपाण्याची मुदत कमी असते आणि त्यासाठी कुणाला घराबाहेर काढावं लागत नाही. सज्ज्याखालची जागा अडवायची मागणी वेगळ्या अर्जात. बांबू आणि पट्टी लावायला कुठल्याही साहेबाला भीती वाटत नाही. आणि तुमच्या भिंतीची तिसरी, भेगेच्या तारखांसकट, ‘माझ्या मिळकतीस धोका’ असं लिहून. शेजारी म्हणून खिडकी बंद झाली ना, मग मिळकतधारक म्हणून उघडेल.

शिवाय मूळ नोटिशीच्या फायलीची प्रत मागा. काढलेली नोटीस आणि बजावलेली नोटीस यांत फार अंतर असतं.

टाचणी

काका, निवृत्तीनंतर तुम्ही पालिकेच्या विरुद्ध पक्षाला मिळालात.

फाइलबंद

पेन्शन सुरू आहे, म्हणून नाव सांगत नाही.

रिकामी_खोली

मी आधी फक्त ‘वाचतेय’ लिहिलं होतं. समोरच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या एक आजी आहेत. घर सामानाने छतापर्यंत भरलेलं, वर्तमानपत्रं, डबे, चिंध्या. खालच्यांच्या छताला पोक आलंय. पालिकेने एकदा ट्रक आणून सगळं उपसलं. आठ महिन्यांत पुन्हा भरलं. याचं काय करतात?

जंतुनाश

ट्रक हे त्याचं उत्तर नाही, रिकामी_खोली. उपसलं की त्या बायका आणखी घाबरतात आणि आणखी जमवतात. आमच्याकडे एक सहकारी होती, ती दर बुधवारी जाऊन फक्त एक पिशवी घेऊन यायची, आजींनी स्वतः निवडलेली. सुरुवात दार आणि चूल मोकळी करण्यापासून, म्हणजे आग लागली तर बाहेर पडता यावं. दीड वर्ष लागलं. कार्यालयात तिला विचारायचे, “बुधवारी तू नक्की काय काम करतेस?”

सज्जा (साडेतीन आठवड्यांनी)

मंडळी, हालहवाल सांगायला आलोय.

फाइलबंदकाकांनी सांगितलं तसे तीन अर्ज दिले. पाइपवाले अकराव्या दिवशी आले. जोड बदलला, जिन्याखालची माती काढून भरली. ती माती इतकी मऊ होती की कामगाराचा पाय पोटरीपर्यंत गेला. ओळंबा, तुमचा अंदाज बरोबर होता. सज्ज्याखाली बांबू लागले. पोरांनी दोन दिवसांत त्याचा गोलपोस्ट केला, तिसऱ्या दिवशी जाळी आली.

फायलीची प्रत मिळाली. नोटीस ज्यांच्या नावाने काढली ते मालक वारून नऊ वर्षं झालीत. पाकीट ‘इसम आढळला नाही’ म्हणून परत आलंय आणि फायलीतच टाचलेलं आहे, न उघडलेलं. टाचणीबाई, तुमचा विनोद शब्दशः. मुलगे तीन, मिळकतीवर अजून कुणाचंच नाव चढलेलं नाही. आतली पाच कुटुंबं भाडं मधल्या मुलाला देतात.

कलमबाई

म्हणजे कायद्याने ती नोटीस बजावलीच गेली नाही असा मुद्दा उद्या कुणीही काढेल. तिघांच्या नावाने, ताब्यातल्या माणसांच्या नावाने आणि इमारतीवर चिकटवून, अशी एकाच दिवशी नव्याने बजावायला सांगा. पंचनामा करून. आणि त्याच अर्जात पाच कुटुंबांच्या तात्पुरत्या सोयीची मागणी घाला, नाहीतर ते तुम्हालाच शत्रू समजतील.

सज्जा

समजतातच होते. पण माती बघितल्यावर पहिल्या मजल्यावरचे काका स्वतः अर्जावर सही करायला आले. आता पाचपैकी चार सह्या आहेत. पाचवीकडे उद्या जाणार.

काचपट्टी लावून सतरा दिवस झाले. अजून अखंड आहे. शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली आहे आणि बायकोने खाली लिहिलंय, ‘हात लावू नये’.

ओळंबा

पाइप थांबल्यावर माती सुकते तेव्हाही थोडी हालचाल होते. काच तडकली तर घाबरू नका, पण लगेच इथे लिहा. आणि तडकलेली काढू नका, तिच्याच शेजारी दुसरी लावा.